खिरीचा रविवार

मार्च लागला की मी घरातली पातेली हुंगायला लागतो. दुधाचं, वरणाचं, सकाळच्या उरलेल्या भाताचं. झाकण उचलायचं, नाक आत घालायचं, झाकण ठेवायचं. बायको आधी हसायची. "आपल्याला मांजर पाळायची गरज नाही," म्हणायची. आता हसत नाही. कारण गेल्या वर्षी तिच्या माहेरी, सासूबाईंनी वाढलेली वाटी मी भर पंगतीत नाकाशी नेली आणि सगळ्यांचे हात ताटातच थांबले. सासूबाईंनी ती वाटी उचलून नेली. तेव्हापासून फाल्गुनात बायको मला कुठं जेवायला नेत नाही, आणि मीही वाद घालत नाही.

यंदाही तो महिना आलाय. दुपारी ऑफिसच्या खिडकीतून रस्ता पांढरा दिसतो. कडुलिंबाची पानं गळून पडलीत आणि कुणी झाडत नाही म्हणून वाऱ्याबरोबर एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत खरखरत जातात. झेरॉक्सच्या दुकानांपुढं पोरं उभी आहेत, हातात हॉलतिकीट, पाठीवर बॅग, ओठ सुकलेले. कुणाला मार्च आला हे आंब्याच्या मोहरावरून कळतं, मला या पोरांच्या चेहऱ्यावरून कळतं. भरतीची जाहिरात निघालेली असते, पेपरची तारीख लागलेली असते, आणि गावाकडं कुणीतरी आई रोज फोनवर एकच प्रश्न विचारत असते: जेवलास का?

जेवलो, असं पोरगं सांगतं. काय जेवलो ते सांगत नाही.

मी याच शहरात, बेगमपुऱ्यात, तीन वर्षं एका खोलीत राहिलो आणि कौसामावशीच्या खानावळीत जेवलो. विद्यापीठाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत दोन वळणं घेतली की एक फरशीचं अंगण होतं, वर पत्रे, खाली लांब सतरंजीच्या पट्ट्या. अंगणाच्या टोकाला स्वयंपाकघर, आणि त्याच्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्याकडं पाठ करून, मावशी. पन्नाशीची, बुटकी, पदर कमरेला खोचलेला. ती पाठीनं ओळखायची. चपलेच्या आवाजावरून म्हणायची, "आला का देवगाव?" मी देवगाव रंगारीचा, म्हणून माझं नाव देवगाव. माझा खोलीतला जोडीदार बळी पैठणकडचा, पण तो पैठण नव्हता, बळीच होता. कारण तो सगळ्यात जास्त खायचा आणि मावशीचा सगळ्यात लाडका होता.

या शहराला परक्याचं पोट भरायची सवय जुनी आहे. शहागंजच्या बाजूला भट्टीतून निघणारा, ताटाएवढा, वरून पिवळा नान आणि त्याच्याबरोबरचा मटणाचा रस्सा, खलिया, हे म्हणे फौजेचं जेवण. दिल्लीहून राजधानी उचलून दौलताबादला आणणाऱ्या सुलतानाच्या लष्कराबरोबर आलेलं. खरं खोटं देव जाणे. पण भट्टीवरचे चाचा मला एकदा म्हणाले होते, "मियाँ, ये शहर में हर खाना किसी भूके मुसाफिर के वास्ते बना है." फौजेनंतर निजामाची नोकरमंडळी आली, मग कॉलेजं निघाली आणि मराठवाड्यातल्या खेड्यांतली पोरं आली. माझे वडील त्या पोरांतले. त्यांच्या वेळी खानावळ परवडायची नाही, म्हणून डबा एसटीनं यायचा. आजी पहाटे भाकऱ्या थापायची, शेंगदाण्याचा तिखट भुरका बांधायची, आमटी भरायची, डब्याला चिंधी बांधून त्यावर नाव लिहायची आणि कंडक्टरच्या हवाली करायची. वडील आणि त्यांचे सोबती स्टँडवर देवगावच्या गाडीची वाट बघत उभे राहायचे. उन्हाळ्यात गाडी पंक्चर झाली, तास दोन तास उशीर झाला, की आमटी आंबलेली असायची. वडिलांनी मला शहरात सोडताना दुसरा कसला उपदेश केला नाही. म्हणाले, "आमटीला बोट लावायच्या आधी नाक लाव."

ते नाक माझ्याकडं आलं. त्याचं मी काय केलं, ते सांगायला बसलोय.

मावशीचंही नाक होतं. खरं तर सगळी खानावळ त्या नाकावरच चालायची. मावशी स्वयंपाक कधी चाखायची नाही. येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्यमसाल्याची, आमटी उकळायला लागली की झाकण उचलायची, हाताच्या पंजानं वाफ आपल्याकडं ओढायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "मीठ कमी हाय." चिमटीभर घालायची. पुन्हा वाफ. "आता झालं." आम्ही पैजा लावायचो. बळी एकदा तिची पाठ वळली असताना एक चमचा मीठ जास्त टाकून आला. मावशीनं झाकण उचललं, वाफ घेतली आणि न वळता ओरडली, "कोन रे तो मेल्या, इकडं ये आधी!" त्या दिवशी बळीनं सगळ्यांची ताटं घासली.

ती का चाखत नाही, हे तिनं मला दुसऱ्या वर्षी एका दुपारी सांगितलं. पंगत उठली होती, ती लसूण सोलत होती, मी उगाच बसलो होतो. खानावळ काढायच्या आधी ती एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात हाताखाली होती. भांडी, भाजी चिरणं, पीठ मळणं. एक दिवस आचारी आला नाही, म्हणून आमटी हिनं केली. मीठ बघायला तळहातावर थेंबभर घेतली आणि जिभेला लावली. तिथल्या मॅनेजरनं ते दारातून बघितलं. शंभर पोरांच्या आमटीचं पातेलं त्यानं दोन माणसांना उचलायला लावलं आणि मोरीत ओतलं.

"उष्टी झाली म्हनला," मावशी म्हणाली. "आचारी रोज पळी तोंडाला लावायचा. तवा नाय व्हायची उष्टी. माझीच झाली."

कोणत्या घरातल्या बाईचं उष्टं चालत नाही हे तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, आणि मी गावातल्या जमीनवाल्या घरातला. आमच्याकडं शेतात कामाला येणाऱ्या बायांना पाणी वरून ओतायची रीत माझ्या लहानपणी मी डोळ्यांनी बघितली होती. आम्हा दोघांनाही सगळं माहीत होतं.

"तवा ठरवलं," ती म्हणाली, "जीभ लावायचीच नाय. नाकानं करून दाखवायचं. आन् वीस वर्सं झाली, माझ्या हातचं पातेलं पुन्हा कुनी वतलं नाय." हे ती हसून म्हणाली. तिला त्याचा फार अभिमान होता.

मग ते तापाचं, टाळेबंदीचं वर्ष आलं. आम्ही सगळे गावाला पळालो. परत आलो तेव्हा बेगमपुऱ्यातल्या निम्म्या खोल्यांना कुलपं होती. मावशीलाही ताप येऊन गेला होता, खंगली होती. पोळ्या लाटायला येणारी बाई आलीच नाही. मुलगी सुजाता पुण्यात नर्सिंग शिकत होती. मावशी एकटीच तीस-पस्तीस पोरांचा स्वयंपाक ओढत होती. पहिल्या दिवशी तिनं फोडणीला लसूण टाकला आणि भाकरी थापत बसली. लसूण तांबडा झाला, मग काळा, मग अंगणभर करपट वास भरला. आम्ही एकमेकांकडं बघितलं. मावशी थापतच राहिली. शेवटी धूर डोळ्यात गेला तेव्हा उठली.

"मावशी, ध्यान कुठंय?" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले, तीही हसली.

आणि त्या दिवशी वाढताना ती पहिल्यांदा म्हणाली, "कसं झालंय रे?"

"एक नंबर, मावशी!"

आम्ही सगळे एका सुरात बोललो. करपलेल्या आमटीला एक नंबर म्हणायला आम्हाला काहीच वाटलं नाही. इतक्या महिन्यांनी परत एकत्र बसलो होतो, माणसं जिवंत दिसत होती, त्यात आमटीचं काय घेऊन बसायचं!

जानेवारीत एके सकाळी बळीला कणकण होती म्हणून मी त्याचा डबा आणायला लवकर गेलो. अंगणातच मला गॅसचा वास आला. नुसता आला नाही, घशात बसला. मी धावत आत गेलो. शेगडीचं बटण पूर्ण उघडं होतं, सूं आवाज येत होता, आणि मावशी शेगडीपुढं उभी राहून काडेपेटीत न जळलेली काडी शोधत होती. तिला एक सापडली. मी तिचा हात धरला. बटण बंद केलं, खिडकी उघडली, दाराला विटेचा तुकडा लावला.

"बटण चालू होतं, मावशी."

ती माझ्याकडं बघत राहिली. काडी अजून बोटांत होती. "व्हय का?" म्हणाली. "सर्दी झालीय जरा."

तिला सर्दी झालेली नव्हती. आवाज मोकळा होता. त्या क्षणी मला कळलं की हिचं नाक गेलंय. आणि दुसरी गोष्ट कळली की हे फक्त मला कळलंय.

त्यानंतरचे दोन महिने मी जे जेवलो ते भीतीबरोबर जेवलो. पंगतीत बसलो की आधी शेगडीकडं कान द्यायचो. मग वाटी उचलून गुपचूप हुंगायची. आमटीत कधी मीठ नसायचं, कधी दोनदा असायचं. खोबरं खवट असायचं. पोरं इकडंतिकडं बघायची, पाणी जास्त प्यायची, ताटात टाकायची. अंगणाच्या कोपऱ्यातल्या बादलीत रोज जास्त खरकटं जमायचं आणि मावशी ती बादली संध्याकाळी बराच वेळ बघत उभी राहायची. पण पंगतीत विचारायची तेच, रोज, प्रत्येक ओळीपुढं थांबून: "कसं झालंय रे?" आणि आम्ही, दुसऱ्याचं मन राखण्यात हुशार मराठवाड्यातली पोरं, रोज तेच सांगायचो. एक नंबर.

मी सांगणार होतो. खोलीत मी वाक्यं जुळवायचो. 'मावशी, तुम्हाला हल्ली वास येत नाही का?' यात काय वाईट होतं? पण प्रत्येक वाक्याच्या पुढं मला ते मोरीत ओतलेलं पातेलं दिसायचं. ते वाक्य देवगावच्या जमीनवाल्याच्या पोराच्या तोंडून निघालं की कसं ऐकू जाईल, हे मी माझ्या कानांनी ऐकून बघायचो. तुमच्या हातचं खाण्याजोगं राहिलं नाही, असंच ऐकू जायचं. दुसऱ्या कुणी सांगावं, मी नको. सुजाताचा नंबर माझ्याकडं होता. एकदा लावला आणि पहिली रिंग जायच्या आत कापला. स्वतःला सांगितलं, पेपर होऊ दे, मग निवांत बोलू. भित्र्याला कारणं कधी कमी पडत नाहीत आणि माझी कारणं तर चांगली होती. मला वाटायचं, मी तिचा मान राखतोय.

पेपर मार्चमधल्या एका सोमवारी होता. बळीची ती शेवटची संधी होती, वयाची मर्यादा त्याच वर्षी संपत होती. तो सहा वर्षं अभ्यास करत होता. वडिलांनी त्याला सांगून टाकलं होतं की या खेपेला नाही झालं तर बॅग उचल आणि ये. रात्री झोपेत तो सालं आणि कलमं बडबडायचा. त्याच्या पुस्तकांच्या कडा इतक्या वापरल्या होत्या की पानं सुटून त्यानं सुतळीनं बांधली होती.

पेपरच्या आदल्या रविवारी दुपारी मावशी गव्हाची खीर करायची. वीस वर्षांचा रिवाज. भिजवून कांडलेले गहू, गूळ, दूध, वर खसखस आणि जायफळ. रविवारी संध्याकाळी खानावळ बंद, म्हणून दुपारीच पोटभर. त्या खिरीवर नोकरी लागलेले लोक दिवाळीत मिठाईचे पुडे घेऊन मावशीला भेटायला यायचे. पोरांचा त्या खिरीवर अभ्यासापेक्षा जास्त विश्वास होता.

त्या आठवड्यात ऊन भयंकर तापलं. आमच्या गल्लीला पाणी आठवड्यातून एकदा यायचं आणि नेमकी रविवारची सकाळ हीच नळाची वेळ होती. पिपं भरायची, हंडे भरायचे, त्यात खीर कधी शिजवणार? म्हणून मावशीनं खीर शनिवारी संध्याकाळीच केली आणि दूध घालून, झाकून, पत्र्याखाली ठेवून दिली. दुसऱ्या कुठल्याही वर्षी सकाळी झाकण उचलताच तिला कळलं असतं.

रविवारी पंगत बसली. दुपारचा एक वाजला असेल. पत्रे तडतडत होते. समोरच्या भिंतीवर कावळा चोच उघडी टाकून बसला होता आणि ओरडत नव्हता. मावशीनं आंघोळ करून धुतलेलं लुगडं नेसलं होतं. ती एकेकाच्या वाटीत पळीनं खीर वाढत आली आणि माझ्या वाटीत पडली तेव्हा मला तो वास आला. जायफळाखालून, गुळाखालून, बारीक, आंबूस.

मी तेव्हा ओरडायला हवं होतं. थांबा म्हणायला हवं होतं. एक शब्द पुरला असता. तीस माणसं, एक पातेलं, आणि पातेल्यामागं धुतलेल्या लुगड्यातली मावशी. मी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "मावशी, माझा आज उपास आहे."

मावशी थांबली. "उपास?" म्हणाली. "आज? कामून रे, तू कधीपासून उपास करू राहिला?"

"पेपर आहे ना. आईनं सांगितलंय."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की ती नजर मी अजून विसरलेलो नाही. मला तेव्हा वाटलं, तिला वाईट वाटलं कारण खीर वाया गेली. मग तिनं खाली वाकून माझी वाटी उचलली आणि शेजारी ठेवली. "बळी खाईल," म्हणाली.

मी बळीच्या गुडघ्याला गुडघा लावला. डोळ्यांनी नको म्हणालो. त्याला वाटलं मी लाजतोय. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, आपली वाटी संपवली आणि मग माझी.

"कसं झालंय रे?" मावशी पंगतीच्या टोकाला जाऊन उभी राहिली होती.

"एक नंबर, मावशी!"

नंतर कळलं की आणखी तिघा-चौघांना वास आला होता. एकाला वाटलं जायफळ जुनं असेल. एकाला वाटलं आपल्यालाच येतोय. खिरीबद्दल बोलणं अपशकुन होईल, असंही एकाला वाटलं. पेपरच्या आदल्या दिवशी कोण असा विषय काढेल?

चार वाजता पहिला पोरगा उलटी करायला पळाला. ऊन उतरेपर्यंत अकरा झाले. रिक्षा आल्या, कुणाच्या दंडाला सलाईन लागलं, कुणाला नुसत्या गोळ्या. बळी दोन वाट्यांचा धनी, त्याचं सगळ्यात वाईट झालं. जीव कुणाचा गेला नाही. सोमवारी सकाळी बळीनं दवाखान्यातून हट्टानं सुटका करून घेतली, बूट घातले, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला आणि उठू शकला नाही. हातात हॉलतिकीट होतं, मनगटाला चिकटपट्टी.

"तू जा," म्हणाला. "टाइम होईल."

मी गेलो. केंद्र चिकलठाण्याकडं होतं. पेपर सोपा होता. मी रिकाम्या पोटी, हलक्या डोक्यानं तो लिहिला आणि पास झालो. आज ज्या खिडकीतून मी ही पोरं बघतोय ती खिडकी मला त्या पेपरनं दिली. गावात आई सांगते, पोरानं पेपरच्या आदल्या दिवशी उपास केला, त्याचं फळ मिळालं. मी एकदाही तिला थांबवलं नाही. रात्री कधी जाग आली की मी स्वतःला विचारतो, त्या दुपारी मनाच्या तळाशी हा हिशेब होता का, की अकरा पोरं कमी झाली तर अकरा जागा मोकळ्या? नव्हता. मला खात्री आहे, नव्हता. पण ही खात्री मला दरवर्षी मार्चमध्ये नव्यानं करून घ्यावी लागते.

बळी आता पैठणच्या रस्त्यावर बापाच्या शेतात असतो. भेटला की मिठी मारतो. "नशीब यार," म्हणतो. मी त्याला अजून सांगितलेलं नाही. मावशीच्या अंगणात कुणीतरी अभ्यासिका काढलीय, काचेचं दार, आत गार हवा, वायफाय. पोरं जेवण मोबाइलवरून मागवतात. कुठल्या हातांनी ते रांधलं, हे कुणाला माहीत नाही आणि तीच सोय आहे, असं मला एक पोरगा म्हणाला.

त्या सोमवारनंतर गल्लीत बोलणी सुरू झाली होती. कुणी शिळं म्हणालं, कुणी पाणी खराब म्हणालं. आणि एका ओट्यावर बसलेला एक जाणता माणूस, मी समोरून जात असताना, आवाज न चढवता म्हणाला, "म्हणूनच सांगतो, हात बघून जेवावं माणसानं." ओट्यावरचे बाकीचे मान हलवत होते. मीही पुढं चालत गेलो.

आठ दिवसांनी मी मावशीकडं गेलो. पट्ट्या गुंडाळून भिंतीला लावल्या होत्या. सुजाता पुण्याहून आली होती आणि परातीत ताटं रचत होती. मावशी दारातच बसली होती, पण आता तोंड अंगणाकडं होतं. माझ्या चपलेच्या आवाजाला ती काही बोलली नाही.

"पेपर कसा गेला?" तिनं विचारलं.

"बरा गेला."

"बळीचा?"

मी खाली बघितलं.

"तुला वास आला व्हता," ती म्हणाली. "व्हय ना?"

"हो."

"मंग बोलला कामून नाय?"

मी दोन महिने जुळवलेली सगळी वाक्यं एकदम बोलायला गेलो. तुम्हाला काय वाटलं असतं, त्या मॅनेजरसारखं वाटलं असतं, मी त्या घरातला, तुमचा मान. फार वाईट बोललो. ताटं रचायचा आवाज थांबला होता.

"तू उपास म्हनला ना," मावशी म्हणाली, "तवा मला वाटलं, हा पन त्यातलाच निघाला. तीन वर्सं जेवला, आन् पेपरच्या टायमाला ह्याला माझा हात नको झाला. पोरं दवाखान्यात पडल्याचं कळलं तोवर मी तेच घोकत बसले व्हते."

"तसं नव्हतं, मावशी."

"मला काय म्हाईत कसं व्हतं? तू सांगितलं का?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. रडत नव्हती, घाम होता.

"नाक तापातच गेलं रे," ती म्हणाली. "येईल येईल म्हनून वाट बघितली. मंग एक दिवस दार लावलं आन् वीस वर्सांनी पळी तोंडाला लावली. म्हनलं, गेला उडत तो मॅनेजर. तर जिभेला माती. जीभ बी गेलेली. कुनाला सांगू? नाक गेलं म्हनलं असतं तर दुसऱ्या दिवशी एक पोरगं आलं नसतं. सुजीला सांगितलं असतं तर ती शिक्षण सोडून आली असती."

सुजातानं मान वर केली नाही.

"म्हनून तर इचारत व्हते," मावशी म्हणाली. "वीस वर्सांत मी कधी कुनाला इचारलं का, कसं झालंय म्हनून? ह्या खेपेला रोज इचारलं. दोन टाइम. तीस तोंडं व्हती तुमची. म्हनलं, एक तरी खरं बोलंल, तर मी मीठ सुधरीन, पातेलं बदलीन. कुनी बोललं नाय. मंग मला बी वाटायला लागलं, असंल बाई, एक नंबरच असंल."

बाहेर गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. मग तिनं माझ्याकडं सरळ बघितलं, पंगतीपुढं उभी राहायची तशी.

"आता सांग," ती म्हणाली. "खीर कशी झाली व्हती?"

सुजाताच्या हातात एक ताट तसंच राहिलं होतं.

"आंबली होती, मावशी."

"हां," ती म्हणाली. "एवढंच पायजे व्हतं मला."